पाण्याची खूण आणि बहिणीची सही

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण आपल्या घरांमध्ये दोन भाषांत ऐकायला मिळते. माझ्या आजोळी ती ‘मने कट्टि नोडु, मदुवे माडि नोडु’ अशी म्हणत, वडिलांकडे मराठीत म्हणत. शब्द वेगळे, सुस्कारा एकच. पण गंमत अशी की दोन्ही भाषांतल्या जाणत्यांनी घर बांधण्याबद्दलच बजावून ठेवले आहे. दुसऱ्याने बांधलेले घर विकत कसे घ्यावे आणि आपले राहते घर कसे विकावे, याबद्दल कुणीच काही सांगून ठेवलेले नाही.

त्याचे कारण उघड आहे. आपल्या भागात घर विकण्याची रीतच नव्हती. शेत विकले तर लोक ‘अडचण असेल’ म्हणायचे. घर विकले तर आवाज खाली आणून ‘मनी मारिदा’ म्हणायचे, जणू त्या घरात काही अशुभ घडले आहे. घर वडिलांचे, त्यांच्यानंतर मुलांचे. भाऊ वेगळे झाले तरी मध्ये भिंत घालून एकाच कौलाखाली दोन चुली मांडायचे. बहीण सासरी गेली की तिचा त्या घराशी संबंध भाऊबीजेपुरता आणि नागपंचमीपुरता.

आता तसे राहिलेले नाही. मुले पुण्याला, बेंगळूरला असतात. म्हातारपणी एकट्या आईवडिलांना मोठे घर झाडून काढणे होत नाही. उलट पुण्यात तीस वर्षे काढलेली माणसे निवृत्तीनंतर गावाकडे परततात, इचलकरंजीत किंवा कागलच्या एमआयडीसीत काम करणाऱ्यांना आपल्या बाजूचे घर परवडते, आणि शिक्षक, माजी सैनिक यांना तयार घर हवे असते. त्यामुळे सदलगा असो, बोरगाव असो, एकसंबा असो, घरांची खरेदी-विक्री ही आता नेहमीची गोष्ट झाली आहे. फक्त मधली काही वर्षे ती पार थांबली होती.

ती का थांबली हे दूधगंगेकाठच्या माणसाला सांगायला नको. २००५ चा पूर आपण पाहिला आणि ‘असे शंभर वर्षांत एकदाच होते’ अशी मनाची समजूत घातली. चौदाच वर्षांनी, २०१९ च्या ऑगस्टमध्ये, कृष्णा, दूधगंगा आणि वेदगंगा एकदम फुगल्या. माणसे जनावरांसह शाळांमध्ये राहिली. पाणी ओसरल्यावर घरे पडू लागली, हे तर अनेकांना कळेचना. पण पांढऱ्या मातीच्या भिंतीचे तसेच असते. पाण्यात असेपर्यंत ती तग धरते, आतून मात्र भिजून लोण्यासारखी होते, आणि बाहेरचा पाण्याचा आधार गेला की बसते. मग २०२० साली कोरोना आला. त्यातून सावरतो तोवर २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला आणि निपाणीजवळ यमगर्णीला महामार्गही पाण्याखाली गेला. त्या दिवसांत नदीकडच्या गल्ल्यांतून ‘घर विकणे आहे’ आणि खाली ‘मने माराटक्किदे’ असे दोन भाषांतले फलक लागले होते. ते उन्हाने फिके पडले तरी गिऱ्हाईक येत नव्हते.

गेल्या दोन-तीन वर्षांत ते फलक उतरू लागले आहेत. पडक्या जागी नवी घरे उभी राहिली आणि जुन्यांना रंग लागला. चौकशी करायला दलालाबरोबर नवराबायको येतात, भिंतींवर टिचक्या मारतात, स्वयंपाकघरात उजेड किती आहे ते बघतात. बाजार सावरतोय, ही चांगलीच गोष्ट आहे. ज्यांचा पैसा घरात अडकून पडला होता त्यांचा तो सुटतो आहे. पण बाजार सावरला की घाईही येते. मला दोन्ही भाषा येतात म्हणून अशा बैठकांना लोक मला बोलावतात, दोन बाजूंमध्ये दुवा म्हणून. तिथे बसून मी पाहते की घाईत दोन प्रश्न हमखास गिळले जातात. पाणी कुठवर आले होते, हा एक. आणि घरातल्या मुलींना विचारले का, हा दुसरा.

गेल्या उन्हाळ्यातली एक बैठक सांगते. घर नदीच्या बाजूच्या उतारावरचे. दगडी जोते, वर पक्क्या विटांची भिंत, पुढे प्रशस्त सोपा. वडील वारलेले, आईही मागोमाग गेलेली. थोरला भाऊ इचलकरंजीत, धाकटा पुण्यात. बहीण नदीपलीकडे शिरोळ तालुक्यात दिलेली. घ्यायला आले होते चिकोडीकडचे एक निवृत्त मास्तर आणि त्यांच्या पत्नी, बोलणे कानडीत. घराला आतून-बाहेरून नवा गुलाबी रंग मारला होता. रंगाचा वास अजून गेला नव्हता.

चहा झाला, भावाचे बोलणे सुरू झाले. मास्तरांच्या पत्नी उठून भिंतीजवळ गेल्या आणि त्यांनी साधा प्रश्न विचारला, “नीर एल्लितनका बंदित्तरी?”

थोरला म्हणाला, “ह्या गल्लीत न्हाई येत हो पाणी. आलंच तर पायरीपतोर.”

मी ते कानडीत सांगणार, तेवढ्यात कोपऱ्यात बसलेली बहीण म्हणाली, “दादा, मग देवळीतला दिवा कुणी काढला हुता? एकोणीस साली पाणी देवळीला लागलं हुतं. आईला पाठीवर घिऊन तूच गेलास की.”

सोप्यात एकदम शांतता झाली. मास्तर उठले, देवळीजवळ गेले आणि तिथे हात टेकवून उभे राहिले. पाणी त्यांच्या छातीला लागत होते. धाकट्याने मान फिरवली. थोरल्याचा चेहरा लाल झाला. सौदा मोडला, असे मलाही वाटले.

मास्तर परत येऊन बसले आणि त्या बाईंना म्हणाले, “छलो माडिद्रि अक्का.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, आज कळले ते बरे झाले, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात कळले असते.

त्यानंतरचा प्रश्न सहीचा होता. भावांनी हक्कसोडपत्राचा मसुदा तयारच ठेवला होता. बहिणीने हक्क सोडायचा, मग दोघे भाऊ घर विकणार, आणि तिला चांगली साडीचोळी. बाईंनी कागद हातात घेतला. त्यांचे शिक्षण मराठीत, कागद कानडीत. त्यांनी तो मला वाचायला सांगितला. मी जसा होता तसा वाचला, प्रत्येक ओळ मराठीत सांगितली. ‘कोणताही मोबदला न घेता, स्वखुशीने’ हे शब्द आले तेव्हा त्यांनी मला थांबवले.

“मी काय अडवून बसलोय व्हय?” त्या म्हणाल्या. “घर इकायला माझी हरकत न्हाई. पर इकणाऱ्यांत माझंबी नाव येऊ द्या, आणि माझा हिस्सा माझ्या खात्यावर येऊ द्या. आईला शेवटी सा महिनं मीच सांभाळलं की.”

व्यवहार मोडला नाही. जोते उंच करायला आणि माडीवर एक पक्की खोली घालायला जो खर्च येईल, तो हिशेबात धरून किंमत कमी झाली. खरेदीपत्रावर विकणारे म्हणून तीन नावे आली आणि तीन चेक निघाले. थोरला अजून बहिणीशी मोकळेपणाने बोलत नाही, असे ऐकते. हेही सांगितले पाहिजे. खरे बोलण्याची किंमत त्या बाईंनी मोजली आहे, आणि ती मोजावी लागते म्हणूनच बाकीच्या गप्प बसतात.

आता त्या सहीमागचा कायदा थोडक्यात समजून घेऊ, कारण त्याबद्दल आपल्याकडे बरेच गैरसमज आहेत. पुष्कळांना वाटते की मुलींना वाटा मिळू लागला तो अलीकडे. वडिलांनी स्वतः कमावलेले घर असेल आणि ते मृत्युपत्र न करता वारले असतील, तर पत्नी, मुलगे आणि मुली यांना सारखा वाटा आहे, आणि तो १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासून आहे. वडिलार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखा जन्मजात हक्क मिळाला तो ९ सप्टेंबर २००५ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने. त्याआधी १९९४ मध्ये कर्नाटक आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांनी आपापली दुरुस्ती केली होती, पण तेव्हा आधीच लग्न झालेल्या मुली बाहेर राहिल्या होत्या. २००५ च्या दुरुस्तीने तो भेद काढला. वडील २००५ पूर्वी वारले असतील तर काय, हा वाद पुढे बरीच वर्षे चालला. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात तो मिटवला. मुलीचा हक्क जन्माने आहे, त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या आणि विक्रीला धक्का लागत नाही.

हा कायदा आपल्या जैन आणि लिंगायत घरांनाही लागू आहे. मुस्लिम कुटुंबांत वाट्याचे प्रमाण त्यांच्या कायद्याप्रमाणे वेगळे, मुलीला मुलाच्या निम्मे. पण मुलगी वारस आहेच आणि तिची सही लागतेच. म्हणून घेणाऱ्याने वारसांची पूर्ण यादी मागावी. बहीण वारली असेल तर तिची मुलेही त्यात येतात. ‘तिने तोंडी सोडले आहे’ याला कागदावर काहीच अर्थ नाही. हक्क सोडायचा तर नोंदणी केलेले हक्कसोडपत्र, म्हणजे आपले ‘हक्कु बिडुगडे पत्र’, हवे. बहिणीने ते राजीखुशीने दिले तर तो तिचा अधिकार आहे. मात्र आधी तिला वाचून दाखवा, तिच्या भाषेत. आणि तिला यायला जमत नसेल तर त्यासाठी मुखत्यारपत्राची सोय आहे; ‘तिला कशाला त्रास’ ही सबब चालणार नाही.

पाण्याबद्दल मात्र असा कायदा नाही. तिथे स्वतःच चौकशी करावी लागते. नव्या रंगावर जाऊ नका. भिंतीला कंबरेच्या उंचीवर लोणा फुटला आहे का, चौकटींचे खालचे टोक फुगले आहे का, जुन्या कपाटाची मागची फळी वाकली आहे का, हे पाहा. समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या आजीला विचारा, विकणाऱ्याला नव्हे. २००५, २०१९ आणि २०२१, तिन्ही वर्षांचे वेगवेगळे विचारा. घर कोरडे राहिले तरी वाट राहते का, तेही विचारा. कारण पावसाने जोर धरला की सदलगा-बोरगाव, मलिकवाड-दत्तवाड, कारदगा-भोज हे खालचे पूल पाण्याखाली जातात; २०२४ च्या जुलैतही गेले होते. इचलकरंजीला रोज कामाला जाणाऱ्याने हे आधी विचारलेले बरे. शक्य असेल तर घर श्रावणात बघावे. वैशाखात सगळीच घरे कोरडी असतात.

नुकसानभरपाईतून बांधलेले घर असेल तर आणखी एक चौकशी हवी. २०१९ च्या पुरानंतर कर्नाटक सरकारने पूर्ण पडलेल्या घरांना ५ लाख रुपये जाहीर केले होते आणि ते हप्त्याहप्त्याने, बांधकाम जसे पुढे जाईल तसे मिळत गेले. नदी एकच असली तरी पलीकडच्या काठावर रक्कम आणि नियम वेगळे होते, हे दोन्हीकडे सोयरीक असणाऱ्यांना ठाऊकच आहे. असे घर घेताना मंजुरी कुणाच्या नावावर होती आणि हप्ते पूर्ण झाले का, ते कागदावर पाहून घ्या. भरपाई एका भावाच्या नावावर आली म्हणून घरही त्याच्या एकट्याचे झाले, असे होत नाही.

आता बाकीचे कागद. इथे आपल्याला एक सोय आहे: शब्द निम्मे सारखेच आहेत. आपला उतारा त्यांचा ‘उतार’, वाटणीला ‘वाटणी’, खरेदीला ‘खरीदि’, आणि संचकारपत्र दोन्हीकडे संचकारपत्रच. पण सारख्या शब्दाने फसायलाही होते. नदीपलीकडे सातबारा आणि प्रॉपर्टी कार्ड बघण्याची सवय असलेला माणूस इकडे येऊन पुरसभेच्या उताऱ्यावर खूष होतो. तो उतारा मुख्यतः करासाठी असतो. मालकी ठरते ती खरेदीपत्र, वाटणीपत्र यांच्या साखळीवरून. कर्नाटकात २०२४ च्या ऑक्टोबरपासून खरेदीच्या नोंदणीला ई-खाता लागतो. नगर भागात तो ई-आस्तिमधून आणि ग्रामपंचायत हद्दीत ई-स्वत्तुमधून मिळतो. विकणाऱ्याच्या नावावर ई-खाता नसेल, अजून आजोबांचेच नाव चालू असेल, तर संचकार देण्याआधी ते काम त्याने पुरे करावे. बिनशेती न करता पाडलेल्या प्लॉटवरच्या घरांना बी खाता देण्याची मोहीम २०२५ च्या फेब्रुवारीत सुरू झाली. बी खाता म्हणजे कर भरता येतो, पण प्लॉट मंजूर झाला असा त्याचा अर्थ नव्हे. त्या घराची किंमत ए खात्याच्या घराइतकी देऊ नये, आणि बँक कर्ज देणार का हे आधी विचारावे.

दुसरा कागद ई.सी., म्हणजे ऋणभार प्रमाणपत्र. तो आता कावेरी प्रणालीवर घरबसल्या मागता येतो. निदान तीस वर्षांचा शोध घ्यावा. जुना भाग कचेरीतल्या वह्यांतून काढावा लागतो. पण ई.सी. कोरा आला म्हणून निर्धास्त होऊ नका. आपल्याकडे सौहार्द सोसायट्यांत आणि पतसंस्थांत मूळ कागद ठेवून कर्ज काढण्याची पद्धत आहे, आणि असा बोजा ई.सी.त दिसेलच असे नाही. म्हणून झेरॉक्स न पाहता मूळ खरेदीपत्र डोळ्यांनी पाहावे. ‘कागद भावाकडे आहेत, नंतर देतो’ असे उत्तर आले तर इसारही नंतरच द्यावा. काही घरांत मोडीतले जुने कागद आहेत. ते रद्दी समजू नका. जाणकाराकडून वाचून घ्या. सामाईक बोळ, विहीर, सांडपाण्याची वाट असले हक्क कधी कधी त्यातच लिहिलेले असतात.

खर्चाचा अंदाजही आधी बांधावा. कर्नाटकात खरेदीपत्राला मुद्रांक शुल्क ५ टक्के, त्यावर उपकर आणि अधिभार वेगळे. नोंदणी शुल्क १ टक्का होते, ते ३१ ऑगस्ट २०२५ पासून २ टक्के झाले. म्हणजे २० लाखांच्या घराला मुद्रांकाचे १ लाख आणि नोंदणीचे ४० हजार तरी बाजूला ठेवावे लागतात. हे वाचवायला कागदावर किंमत कमी दाखवून वरचे रोख देण्याचा सल्ला कुणीतरी देतोच. सरकारी मार्गसूची दराखाली शुल्क भरता येत नाही, आणि ते दर १ ऑक्टोबर २०२३ पासून वाढलेले आहेत. शिवाय २०१५ पासून घरजागेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेता येत नाही. घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. आणि रोखीचा आणखी एक तोटा बैठकांमध्ये दिसतो. चेकची रक्कम तीन वाटेकऱ्यांना दिसते, रोख दोनच भावांना दिसते.

घर घेतल्यावर विमा उतरवा. १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही एकाच साच्याची पॉलिसी द्यावी लागते, त्यात पुराचे नुकसान येते आणि घरातल्या सामानाचाही काही भाग धरलेला असतो. नदीकाठी राहणाऱ्याने तो खर्च किराणामालाच्या यादीत धरावा.

विकणाऱ्यांना मात्र मला वेगळे सांगायचे आहे. लपवलेले पाणी आणि वगळलेली बहीण या दोन्ही गोष्टी उशिरा का होईना वर येतात, आणि तोवर पैसे खर्च झालेले असतात. त्यापेक्षा घराला रंग देताना २०१९ च्या पाण्याची रेघ भिंतीवर कुठेतरी तशीच राहू द्या, शेजारी साल लिहा. किंमत दोन पैसे कमी येईल, पण तुमच्यानंतर त्या घरात झोपणाऱ्या पोरांना आपला जोंधळा, आपली कागदपत्रे आणि आपली म्हातारी कुठल्या उंचीवर न्यायची ते कळेल. आणि दलालाला फोन करण्याआधी एक फोन पलीकडच्या काठावर करा. बहिणीला बैठकीला बोलवा, सोप्यात खुर्चीवर बसवा, कागद तिच्या भाषेत वाचून दाखवा. मग संचकार घ्या.